पडद्यावरचं शिवार

तात्यांना कुठल्याही फाइलीचं नाव सांगता येत नसे. "कालची फाइल उघडा," म्हटलं की ते माउस सोडून देत, खुर्चीत पुढे सरकत आणि उजव्या हाताचं बोट थेट स्क्रीनवर टेकवत. "ही." बोट उचललं की खाली नेमकी तीच फाइल असायची. आता माझ्या क्लासमध्ये स्क्रीनला बोट लावायला सक्त मनाई. तशी पाटीच मी भिंतीवर लावली आहे : 'स्क्रीन म्हणजे श्रीखंडाचं पातेलं नव्हे. बोट लावू नये.' सगळे येताजाता ती वाचून हसतात. तात्या कधी हसले नाहीत. माणूस जरा घुम्या दिसतोय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्यांना ती पाटी दिसतच नव्हती, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी साठीच्या पुढच्या लोकांना कॉम्प्युटर शिकवते. येणारी मंडळी बहुतेक पेठेतलीच. निवृत्त, नेटकी, आणि आपल्याला सगळं येतंच, फक्त बटण कुठलं ते सांगा, अशा थाटाची. त्यांच्यात तात्या धायरीहून दोन बस बदलून यायचे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी, आणि बियाण्याच्या कंपनीच्या कापडी पिशवीत मुलाने दिलेला जुना लॅपटॉप. जिने चढून आले की आधी कठड्याला धरून उभे राहायचे आणि दम खाऊन झाला की मगच आत यायचे. पहिल्या दिवशी मी आमच्या पेठी पद्धतीने विचारलं, "धायरीत क्लास नाहीत का हो?"

"हायेत की. चार हायेत. पर तितं समदी वळखीची."

ओळखीच्या माणसांपासून काय लपवायचं होतं, ते मी विचारलं नाही. ते काय शोधत होते ते वाचणाऱ्याला मात्र आत्ताच सांगून टाकते, कारण मला ते फार उशिरा कळलं आणि त्या उशिराची किंमत तात्यांनी मोजली. तात्यांना पहिली मुलगी झाली होती, शकू. आठ महिन्यांची असताना तापाने गेली. तान्ही पोरं जाळत नाहीत, पुरतात. तात्यांनी आणि त्यांच्या चुलत्यांनी तिला शेतात नेलं, बांधाच्या कडेला पुरलं, वर एक दगड ठेवला. चुलते म्हणाले, आता मागे वळून बघायचं नाही. तात्यांनी बघितलं नाही. पुढे दर वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, त्या दगडाशी वाटीभर दूध घालून येत. मग भावांच्या वाटण्या झाल्या, बांध मोडले, सपाटीकरण झालं, नंतर सगळी जमीन विकली गेली. पैसे चोख मिळाले, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तिथे तीन विंगांची सोसायटी उभी राहिली. काकू रस्त्यावर, कंपाउंडच्या भिंतीपाशी दूध ओतायला लागल्या. एका वर्षी त्या तिथेच मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "पोर आत आन् म्या रस्त्यावर. तुमी पुरली, तुमीच सांगा कुटं हाय ती." तात्यांनी शोधून देतो म्हणून शब्द दिला. त्यासाठी ते सत्तरी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकायला आले होते. मला त्यांनी एवढंच सांगितलं की, "गाव मांडायचंय."

माझा फोल्डरवर फार विश्वास. माझ्या स्वयंपाकघरात मुगाच्या डाळीच्या डब्यावर 'मूगडाळ' अशी चिठ्ठी आहे आणि डबा काचेचा आहे. डेस्कटॉपवर फाइली उघड्या पडलेल्या दिसल्या की दिवाणखान्यात कोणी कपडे वाळत घातल्यासारखं मला होतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी तात्यांना फोल्डर शिकवायला घेतला. फोल्डर, त्यात वर्षाचा फोल्डर, त्यात महिन्याचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे पिशवीत पिशवी, तिच्यात आनिक पिशवी," ते म्हणाले. "बाई, म्या तरुणपणी मंडईत माल घिऊन बसायचो. गाळ्यावर कोथमिरीशेजारी मिरची आसती, मिरचीशेजारी आलं. का, तर बाईमाणूस तिन्ही एकदम घेतं. अक्षरावारी लावलं तर कोथमीर कुटं आन् मिरची कुटं. गिऱ्हाईक येईल का?"

मी म्हटलं, "तात्या, मंडईत शोधायला डोळे असतात. कॉम्प्युटरमध्ये नाव लागतं."

"नाव वाचायलाच डोळं लागत्यात," ते म्हणाले. "जागंला न्हाई लागत."

मी ते शब्द म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून सोडून दिले. माझ्या वर्गात हट्टी म्हाताऱ्यांची उणीव कधीच नसते.

त्यांची मांडणी मात्र हळूहळू माझ्या लक्षात यायला लागली. डेस्कटॉपवरचं डोंगराचं चित्र त्यांनी काढायला लावलं आणि सगळा पडदा सपाट, मातकट रंगाचा करून घेतला. वरच्या अंगाला फाइलींची आडवी रांग, तो कालवा. डाव्या कोपऱ्यात टेकडी. मध्ये विहीर, म्हणजे विहिरीच्या जुन्या फोटोची फाइल. त्या फाइलीच्या खाली अंगठा आडवा धरून ते मापायचे. एक अंगठा म्हणजे वीस पावलं. आयकॉन ओढून ठेवले की ते चौकटीला चिकटून आपोआप सरकतात, हे त्यांना मुळीच खपत नसे. "ह्ये उड्या का मारतंय? म्या ठिवलं तितं ऱ्हात न्हाई." मग मीच ते चिकटणं बंद करून दिलं. हे मी आवर्जून सांगते आहे. जागेला महत्त्व आहे हे मला कोणी सांगितलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. ते बटण माझ्याच हाताने दाबलेलं होतं.

फाइली म्हणजे मुख्यतः आवाज. बांधाला बांध लागून असलेल्या जुन्या शेजाऱ्यांकडे तात्या जात, त्यांना रिक्षात घालून जुन्या शेताच्या जागी आणत आणि मोबाइलवर बोलणं टिपून घेत. कोणी लेकीकडे राहायला गेलेलं, कोणी अंथरुणाला खिळलेलं. एक हौसाबाई म्हणून होत्या, शेजारच्या वावरात राखणीला बसायच्या, त्यांनी शकूला पुरताना लांबून पाहिलं होतं. एक मोट हाकणारे म्हातारबुवा होते. ही माणसं काठी टेकत टेकत सोसायटीच्या भिंतीभोवती फिरत, हाताने दाखवत, पावलं मोजत. तात्या त्यांच्या मागून चालत. घरी आल्यावर किंवा माझ्याकडे आल्यावर ते ती फाइल मोबाइलमधून लॅपटॉपवर घेत आणि जिथे ते माणूस उभं राहून बोललं होतं, तिथे पडद्यावर ठेवून देत. फाइलीचं नाव मोबाइलने दिलेलं, म्हणजे नुसते आकडे. मी म्हणायची, "निदान माणसाचं नाव तरी द्या." ते म्हणायचे, "माणूस काय, मरून जाईल. त्यो उभा कुटं हुता, ते महत्त्वाचं."

मोजणीचा सरकारी नकाशा काढा ना, असंही मी एकदा सुचवलं. आपण फार हुशार आहोत असं वाटण्याचे दिवस होते ते. तात्यांनी तो कधीच काढला होता. त्यात गटाच्या बाहेरच्या हद्दी होत्या, आतले बांध नव्हते. "सरकारला आतलं काय करायचंय," ते म्हणाले. सगळ्यांचं बोलणं मांडून झालं की शेवटी त्यावर सोसायटीचा नकाशा ठेवायचा आणि मग बघायचं, असा त्यांचा बेत होता. काय बघायचं ते बोलले नाहीत. दोन माणसं गाठायची राहिली होती.

मला ते आवडायला लागले होते, हे लपवण्यात काही अर्थ नाही. इतर मंडळी चहाला उठली की तात्या एकटेच पडद्याशी बसून राहत आणि एखादी फाइल गव्हाच्या दाण्याइतकी इकडे सरकवत, मान कलती करून बघत, परत तिकडे सरकवत. "रात्रभर विचार केला," म्हणायचे. "हौसाबाई उभी हुती ती पान्याच्या चारीच्या अलीकडं. पलीकडं न्हवं." कोणी खाऊ आणला तर अर्धा रुमालात बांधून काकूंसाठी ठेवायचे. साखर असल्यामुळे स्वतः खात नसत, आणि खाल्लं तर पेढ्याचा एक कोपरा खाऊन, "झालं, आता डॉक्टर रागवंल," असं स्वतःलाच बजावत.

त्या साखरेनेच डोळ्यांचा घात केला. आतला पडदा खराब होत चालला होता. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच होता, उजव्याने ते पाहत. जून महिन्यात उजव्या डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं. आदल्या दिवशी ते लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेले. "अक्षरं मोठी करून ठिवा, बाई. बारीक दिसंना झालंय."

मी अक्षरं मोठी केली. त्याबरोबर आयकॉनही मोठे झाले, एकमेकांच्या अंगावर चढले, काही कडेला जाऊन अर्धे बाहेर पडले. सगळा पडदा विस्कटला. त्या क्षणी मी घाबरायला हवं होतं. मी घाबरले नाही, मला आवरायची संधी मिळाली. दोन तास बसून मी तीन फोल्डर केले : 'आवाज', 'फोटो', 'कागद'. प्रत्येकात वर्षं, वर्षांत महिने. प्रत्येक आवाजाला अनुक्रमांक दिला. पडद्याच्या मधोमध तीन मोठे पिवळे फोल्डर, अधू डोळ्यांनाही दिसतील असे. बाकी सगळी मातकट जमीन स्वच्छ. मी नवऱ्याला हाक मारून ते दाखवलं. "बघ, आता कसं शोभतंय," असं म्हटल्याचं मला आठवतं. आठवू नये असं फार वाटतं.

चौथ्या दिवशी तात्या आले. डोळ्यावर हिरवा चष्मा होता. बसले, टोपी मांडीवर काढून ठेवली, लॅपटॉप उघडला आणि बोट पडद्यावर टेकवलं. तिथे काही नव्हतं. बोट थोडं खाली नेलं. काही नव्हतं. मग डावीकडे, मग वर कालव्याकडे.

"बाई," ते हळूच म्हणाले, "डोळा गेला वाटतं."

मी हसले. होय, हसले. "अहो तात्या, डोळा कुठला जातोय! मी आवरून ठेवलंय सगळं. ते बघा मधे, पिवळं."

त्यांनी चष्मा वर करून त्या पिवळ्याकडे बघितलं. "समदं हाय न्हवं?"

"एकूण एक. एकशे सदतीस फाइली. मोजून घ्या हवं तर."

"आन् कोन कुटं हुतं, ते?"

तात्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. त्यावर दोन्ही तळहात ठेवले आणि म्हणाले, "बाई, तुमीबी प्लॉटिंग केलंत."

ते रागाने बोलले असते तर मी भांडले असते. भांडणात मी कमी नाही. पण आवाज अगदी साधा होता. मग त्यांनी मला शकूचं सांगितलं. वर मी लिहिलं आहे ते सगळं मला त्या दुपारी कळलं. बाकीचे विद्यार्थी खाली चहाला गेले होते. मी त्यांच्यासमोर बसून रडले आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस मला पाणी आणून देण्यासाठी चाचपडत माठाकडे गेला.

त्यानंतर मी जे जे करता येईल ते केलं. मागे जाण्याचं बटण दाबलं. त्याने फोल्डर मोडले, फाइली परत बाहेर आल्या, पण रांगेत, शाळेतल्या मुलांसारख्या. ओळखीच्या दोन इंजिनिअरांना विचारलं. एक म्हणाला, "मॅडम, फाइल्स सेफ आहेत ना? मग प्रॉब्लेम काय आहे?" खरंच, एकही फाइल हरवली नव्हती. चौदा वर्षं मी लोकांना बजावत आले की फाइलींची प्रत ठेवा. पडद्याची प्रत ठेवायची असते हे मलाही कोणी शिकवलं नव्हतं. मग आठवलं की गुढीपाडव्याला वर्गाचा फोटो काढला होता आणि त्यात मागे तात्यांचा लॅपटॉप उघडा होता. फोटो शोधला, मोठा केला. वरचा कालवा दिसत होता, टेकडी दिसत होती, धूसर ठिपके ओळखता येत होते. मधल्या भागावर तात्यांचा कोपर आला होता.

मग आम्ही ऐकायला बसलो. रोज दुपारी, एकेक आवाज. ऐकून ऐकून जागा लावू, असं मला वाटलं होतं. हौसाबाईंचा आवाज लागायचा. मागे गाड्यांचे हॉर्न. "ह्ये बघ, हितनं आसं सरळ गेलं की तितं. न्हाई, तितं न्हाई, ह्या हाताला. हां. हितंच बांध वळायचा." म्हातारबुवांचा आवाज. "हितनं तितवर तीस पावलं, आन् त्या तितं दगुड." सगळी फाइलभर हितं आणि तितं. बोलणारं माणूस उभं कुठे आहे ते त्याच्या पायांना माहीत होतं आणि तात्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलून दाखवलं नव्हतं. हौसाबाई तोवर वारल्या होत्या. म्हातारबुवा लेकाला ओळखेनासे झाले होते.

"तुम्हाला काहीच आठवत नाही का तात्या?" मी एकदा न राहवून विचारलं. माझाच आवाज चढला होता.

"आठवतंय की. विहीर आठवती, कालवा आठवतोय. बारीकसारीक न्हाई आठवत," ते म्हणाले. "डोक्यातलं काढूनच तितं ठिवलं हुतं, बाई. म्हटलं आता हितं सुखरूप हाय. दोनीकडं कशाला ठिवू?"

आम्ही चाळीसएक फाइली कशाबशा बसवल्या. दोन माणसांचं बोलणं जुळेना. उजवा डोळाही इंजेक्शनाला म्हणावी तशी दाद देत नव्हता. एका दुपारी त्यांनी बोट टेकवलं आणि विचारलं, "हितं काय हाय?" तिथे विहीर होती. त्या दिवसानंतर ते क्लासला आले नाहीत. मला एकदाही लागेल असं बोलले नाहीत, फक्त जाताना जिन्यात म्हणाले, "तुमी चांगल्यासाठीच केलंत, म्हाईत हाय मला." दोन पायऱ्या उतरले आणि पुढे म्हणाले, "डोझरवालाबी चांगल्यासाठीच करतोय म्हना."

नागपंचमीच्या दिवशी त्यांचा फोन आला. "उद्या सकाळी या. हिला घिऊन जायचंय." कशाला, ते मला कळलं. शोधून देतो म्हणून दिलेल्या शब्दाची ती वेळ होती. मी स्कूटरवरून धायरीला गेले. काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू, हातात झाकण लावलेली स्टीलची वाटी. मुलगा कामावर निघाला होता, तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, प्लीज समजवा ना दोघांना. फीलिंग महत्त्वाचं, दूध कुठेही घाला. एवढं काय त्यात?" तो वाईट मुलगा नाही. त्याच्या जन्माआधीची गोष्ट ती.

सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने वहीत नावं लिहायला लावली. 'कोणाकडे' या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना, मी सही करून तो रकाना कोरा सोडला. आत तळमजल्यावर सगळं पार्किंग. गुळगुळीत फरशी, खांबांवर पिवळेकाळे पट्टे. तात्या काठीने चाचपत, गाड्यांच्या बॉनेटवरून हात फिरवत पुढे निघाले. प्रत्येक खांबाला तळहात लावत होते. एक, दोन, तीन. मी मागे चालत होते आणि मला वाटलं, त्यांना काहीतरी आठवलं असावं. देवा, आठवलेलं असू दे. नवव्या खांबाशी ते थांबले, काठी खांबाला टेकवली, आणि खांबाच्या पायाकडे बोट केलं.

"ही."

काकूंनी विचारलं, "नक्की?"

"नक्की. बाईंनी कंप्युटरवर काढून दिली."

काकू माझ्याकडे वळल्या. त्यांनी वाटी खाली ठेवली, माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि वाकून माझ्या पायाला हात लावायला लागल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी बाई. मी त्यांना धरून उभं केलं. मग त्या खांबाशी बसल्या, दूध घातलं, आणि फरशीवर हात फिरवत पोरीशी बोलत राहिल्या. दात आले होते का तुला, दोनच आले होते नव्हं खालचे, असं काहीबाही. एक गाडी हॉर्न देऊन थांबली, मी हात दाखवून तिला थांबवून धरलं. पुष्कळ वेळाने काकू उठल्या. त्यांचा चेहरा अगदी हलका झाला होता.

परतताना काकू पुढे गेल्या, तेव्हा मी तात्यांच्या दंडाला धरलं. "तात्या, खरंच आठवलं?"

"न्हाई," ते म्हणाले. "पोरीला ठिवली तवा मागं बगितलं न्हाई. आता पुडचंबी दिसंना. नऊ खांब मोजले, हिचं पाय दुकायला लागलं आसतील म्हनून थांबलो." थोडं चालून ते म्हणाले, "हिला बोलू नका."

माझं नाव त्यांनी का पुढे केलं, त्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या एकट्याच्या शब्दावर काकूंचा विश्वास बसला नसता, हे एक. पण मला कधीकधी वाटतं, ती त्यांनी मला दिलेली शिक्षा होती. आणि कधी वाटतं की माझी चूक त्यांनी स्वतःच्या बायकोसमोर झाकून घेतली. त्यांना विचारायला हवं होतं. मला धीर झाला नाही, आणि त्याच हिवाळ्यात तात्या गेले. झोपेत गेले म्हणे. मी गेले तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता आणि काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्या शेजारणीला म्हणाल्या, "ह्याच त्या बाई. ह्यांनी माजी शकू दावली."

पंधरवड्याने मुलगा लॅपटॉप आणून देऊन गेला. आईने तुमच्याकडेच द्यायला सांगितलंय, म्हणाला. तो माझ्या कपाटात आहे. मी उघडत नाही. क्लास चालू आहे, पाटी मी काढून टाकली. आता कोणी आपला लॅपटॉप माझ्या हातात दिला की काहीही करण्याआधी मी त्याच्या पडद्याचा फोटो काढून ठेवते. परवा एक निवृत्त प्राध्यापक आले, त्यांच्या डेस्कटॉपवर नुसता बाजार मांडलेला. वैतागून म्हणाले, "हे सगळं एकदा नीट लावून द्या हो." मी त्यांना म्हटलं, "आधी मला सांगा, ही फाइल इथे का आहे?" ते म्हणाले, "सहज." मी म्हटलं, "विचार करून सांगा." त्यांना माझा राग आला आणि पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत.

तात्यांच्या पश्चात पहिल्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी काकूंना घेऊन गेले. नवव्या खांबाजवळ कोणीतरी नवी गाडी लावायला लागलं होतं, आम्ही चाकाच्या बाजूने दूध घातलं. तिथून उठताना काकू म्हणाल्या, "माज्यामागं तुमीच घालायचं. लेकाला ठावं न्हाई, सुनंला ठावं न्हाई. जागा ठावं आसलेलं तुमीच एक मानूस." खरं सांगून टाकावं असं तेव्हा माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या माझ्या खांद्याला धरून उभ्या होत्या, त्यांचं सगळं वजन माझ्यावर होतं. मी हो म्हटलं.

यंदा काकूंचे गुडघे पार गेले, त्यांना घराबाहेर पडता येत नाही. मी सकाळी धायरीला जाऊन त्यांच्याकडून वाटी घेतली, वॉचमनच्या वहीत सही केली, आणि एकटी पार्किंगमध्ये गेले. फरशीला थोडा उतार आहे. दूध घातलं की ते खांबाशी राहत नाही, गाड्यांच्या खालून वाट काढत सांडपाण्याच्या जाळीकडे जातं. ते सगळं जाईपर्यंत मी उभी राहिले. मग वाटी विसळून परत दिली आणि घरी आले. संध्याकाळी काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, पावसाचं, गुडघ्यांचं. मग आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "प्याली का वो पोर?"

मी म्हटलं, "प्याली, काकू. सगळं प्याली."